मामंजींची जागा

दुपारच्या बातमीपत्रातली शेवटची बातमी ती नेहमी अर्ध्याच मनाने वाचत असे. युद्धं, निवडणुका, बाजार आणि हवामान उरकलं की थोडी जागा उरायची, आणि ती भरायला संपादक काहीतरी हलकंफुलकं धाडायचे. कधी प्राणिसंग्रहालयातल्या हत्तिणीचा वाढदिवस, कधी कुणाच्या गच्चीवर येऊन बसलेलं मधमाशांचं मोहोळ. अशा बातम्यांना आवाज पुरतो, डोकं लागत नाही, असं तिचं मत होतं. त्या बुधवारीही आवाज ओळींवरून सवयीने घरंगळत चालला होता आणि डोकं रविवारी येणाऱ्या माणसांना चादरी पुरतील का याचा विचार करत होतं. ‘घरात शोभेसाठी ठेवलेली काही झाडं रांगत्या मुलांना अपायकारक ठरू शकतात,’ आवाज म्हणाला. ‘डिफेनबेकियासारख्या झाडाचं पान चावलं गेल्यास तोंडाची आग होते, जीभ सुजते, आणि काही वेळ बोलताही येत नाही.’ आणि इथे आवाज थांबला. पुढची ओळ समोर होती, दिवा लाल होता, घसा कोरडा नव्हता. पण आपल्याला कुणीतरी काहीतरी सांगितलं आहे आणि ते ऐकून घ्यायला हवं, असं वाटून ती ऐकत राहिली. सांगणारी तीच होती हे तिच्या जरा उशिरा लक्षात आलं. रेडिओवरची शांतता म्हणजे रस्त्यावर उघडं राहिलेलं गटार, कोण कधी पाय घालील नेम नाही. तिने घाईघाईने उरलेली ओळ वाचली, तापमान सांगितलं आणि श्रोत्यांचा निरोप घेतला.

काचेपलीकडे बसणाऱ्या ध्वनितंत्रज्ञांना सगळं केंद्र कानसेन म्हणत असे. त्यांना गाता येत नव्हतं, पण कुणाला उद्या सर्दी होणार हे आजच्या श्वासावरून कळत होतं. ती बाहेर आली तेव्हा ते कानांवरची यंत्रं गळ्यात अडकवून तिचीच वाट पाहत उभे होते.

‘काय झालं?’

‘घशात काहीतरी अडकलं.’

‘घशात काही नव्हतं. घसा मी ऐकतो रोज. तुम्ही थांबलात.’

‘ते झाड माझ्या घरात आहे,’ ती म्हणाली.

‘बरं मग? तुम्ही चावणार आहात का ते?’

‘रविवारी भावाची मुलगी येतेय. रांगायला लागलीय.’

कानसेनांनी मान डोलावली, म्हणजे यात विचार करण्यासारखं आहे हे त्यांना पटलं, आणि ते संध्याकाळच्या कार्यक्रमाच्या फिती शोधायला निघून गेले.

झालं होतं असं, की धाकट्या भावाच्या घरात जमिनीखालचा नळ फुटला होता आणि सगळी फरशी उखडायला आली होती. दोन-तीन महिन्यांचं काम. त्याने फोनवर हे नुसतं सांगितलं होतं, मागितलं काहीच नव्हतं, आणि तिने उचलली जीभ लावली टाळ्याला, तशी म्हणून टाकलं होतं, ‘माझ्याकडे या की. झाडांची खोली रिकामीच तर आहे.’ झाडांची खोली रिकामी. घरी परतताना बसमध्ये उभ्या उभ्या तिने ते वाक्य पुन्हा मनात म्हणून पाहिलं. पूर्वेची मोठी खिडकी असलेली, घरातली सगळ्यात चांगली खोली. तिच्यात एक खुर्ची आणि बाकी सगळी झाडं. तिला रिकामी म्हणताना आपल्याला काहीच कसं वाटलं नाही? आणि आता ती खरंच रिकामी करायची वेळ आल्यावर एवढं का वाटतंय? बसच्या काचेत तिचा चेहरा हलत होता. तो चेहरा शहरात कुणीही ओळखत नव्हतं. शेजारच्या बाईने ‘जरा सरकता का’ म्हटलं, तिने ‘हो’ म्हटलं, आणि त्या एका अक्षराने बाई चमकून तिच्याकडे पाहू लागली. हे रोजचंच होतं. आवाज ओळखीचा वाटायचा, बाई अनोळखी, आणि लोक दोघींची सांगड घालता घालता आपल्या थांब्यावर उतरून जायचे.

तिला स्वतःला मात्र माहीत होतं की आवाज दोन आहेत. एक केंद्रावरचा. तो धुतलेला, इस्त्री केलेला आणि कुठेही नेला तरी न चुरगळणारा होता. दुसरा घरचा. तो वापर कमी म्हणून जरा गंजलेला, मधेच फाटणारा. घरचा आवाज ऐकायला घरात कुणी नव्हतं, म्हणून तो झाडांना मिळे. ‘काय म्हणताय? पाणी जास्त झालं का काल? बोलायला काय होतं तुम्हाला?’ यातलं ‘तुम्ही’ हे मामंजींसाठी. मामंजी म्हणजे तेच डिफेनबेकियाचं झाड. केंद्राच्या जुन्या इमारतीतून सामान हलवताना ते कुणालाच नको होतं, तेव्हा वीतभर होतं, आणि आता तिच्या डोक्याच्या वर गेलं होतं. खिडकीजवळची चांगली जागा त्याने अडवली होती, ते दिवसभर काही करत नसे, काही बोलत नसे, आणि कुंडी जराशी हलवली तरी आठवडाभर रुसून पान गाळत बसे. सासराच दुसरा काय असतो, असं तिला एकदा वाटलं आणि नाव पडलं ते पडलंच. लग्नच न केलेल्या बाईच्या घरात मामंजी आहेत हा केंद्रातला जुना विनोद होता. तो पहिल्यांदा तिनेच केलेला असल्यामुळे तिला त्याचा राग येत नसे.

घरी येऊन तिने पर्स खुर्चीवर टाकली आणि फोनवर एकेका झाडाची माहिती काढायला बसली. जे वाचलं त्याने ती आणखी खचली. मामंजी तर होतेच. पण खिडकीभोवती तोरणासारखा फिरवलेला मनी प्लांट, तोही तसलाच. कोपऱ्यातली पीस लिली, तिची पांढरी फुलं पाहून पाहुणे हमखास ‘अगदी शांत वाटतं हो’ म्हणायचे, तीही त्याच माळेतली. दाराशी ताठ उभा स्नेक प्लांट, निदान नावात तरी तो खरं बोलत होता. इतकी वर्षं आपण कुणाकुणात राहत होतो, असं वाटून तिला हसू आलं आणि लगेच ते विरलं. मग काय वाटलं कुणास ठाऊक, ती साडीचा पदर खोचून जमिनीवर पालथी पडली. हनुवटी फरशीला टेकवली. इथून खोली निराळीच होती. खुर्चीला पोट होतं, त्यावर सुताराने पेन्सिलीने काहीतरी आकडा लिहून ठेवला होता. भिंतीच्या कडेने धुळीची एक बारीक वाट गेली होती. मामंजींची खालची पानं, जी उभ्या माणसाला दिसतही नाहीत, ती बरोबर तोंडासमोर येत होती. रुंद, चकचकीत, हिरव्यावर पांढरे शिंतोडे उडालेली. मला लहान मूल केलं तर मी आधी हेच तोंडात घालीन, असं तिला अगदी स्वच्छ कळलं.

पालथं पडल्या पडल्या तिला आई आठवली. आईचा धोक्यावरचा उपाय एकच होता, वस्तू कपाटावर ठेवायची. कात्री कपाटावर, फिनेल कपाटावर, शिवणाचा डबा कपाटावर. धाकटा रांगायला लागला त्या वर्षी घरातलं निम्मं सामान छताच्या आश्रयाला गेलं होतं आणि आईला साधी सुई हवी असली तरी स्टूल चढावं लागे. एवढं करून धाकट्याने एक बटण गिळलंच. ते वडिलांच्या शर्टाचं होतं, शर्ट वडिलांच्या अंगात होता, आणि वडिलांना काही कपाटावर ठेवता येत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, वाट पाहा. सगळं घर वाट पाहत बसलं. बटण आलं, आईने ते उकळून धुतलं आणि त्याच शर्टाला पुन्हा लावलं. वडील तो शर्ट पुढे कित्येक वर्षं कचेरीत घालून जात, आणि साहेबाशी बोलताना त्या बटणाशी चाळा करत. ती तेव्हा बारा वर्षांची होती. शाळेतून आली की आई म्हणे, ‘घे ग जरा याला,’ आणि तो तिच्या कमरेवर येई तो रात्रीपर्यंत तिथेच. उजवी कंबर बाहेर काढून चालायची सवय तिला पुढे महाविद्यालयात जाईपर्यंत गेली नव्हती. हे सगळं होतं खरं. पण ते दुसऱ्याच कुणाचं असावं इतकं लांब होतं. मागच्या खेपेला धाकट्याच्या घरी गेली तेव्हा तिने पाळण्यात वाकून, मुद्दाम आठवून, गोड आवाजात ‘काय ग’ म्हटलं होतं, तर त्या पोरीने ओठ काढले आणि असा टाहो फोडला की शेजारची माणसं दाराशी आली. भावजय म्हणाली, ‘भूक लागली असेल हो ताई.’ भूक लागलेली नव्हती हे दोघींनाही ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी तिने कानसेनांना गाठलं. झाडं फेकवणार तर नव्हती, आणि ज्या घरात ना मूल ना मांजर असं घर शोधायचं होतं. कानसेनांनी शांतपणे ऐकून घेतलं.

‘आमच्याकडे मी आणि बायको,’ ते म्हणाले. ‘अजून तरी दोघंही रांगत नाही.’

‘मामंजी फार मोठे आहेत.’

‘आवाज करतात का?’

‘नाही.’

‘मग चालतील. आमच्याकडे ज्या वस्तू आहेत त्या सगळ्या आवाज करतात.’

शुक्रवारी संध्याकाळी ते आपली जुनी गाडी घेऊन आले. मनी प्लांट खिडकीच्या जाळीवरून सोडवताना त्याच्या मुळ्यांनी भिंतीचा रंग पापुद्र्यासारखा ओढून आणला. लिली आणि स्नेक प्लांट मागच्या डिकीत मावले. मामंजी मात्र कुठल्याच दाराने आत जाईनात. शेवटी पुढची जागा आडवी पाडून त्यांना निजवलं, शेंडा मागच्या खिडकीतून बाहेर काढला, आणि कानसेनांनी कुंडीला पट्टा लावला. पट्टा लावताना ते हलक्या आवाजात ‘जरा सांभाळून हं’ म्हणाले. तिला नव्हे, झाडाला. तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला. गाडी वळणावर गेली तेव्हा खिडकीतून ती मोठी पानं हलत होती. निरोप देणारी माणसं हलवतात तशी नव्हे, वारा लागल्यावर पानं हलतात तशीच. आणि हे बरं आहे, असं तिने स्वतःला सांगितलं.

वर आल्यावर तिने खोलीचं दार ढकललं आणि उंबऱ्यातच थबकली. डोळ्यांना जे दिसलं त्याची तिने तयारी केली होती. मोकळी जमीन, कुंड्यांच्या बुडांचे गोल डाग, खिडकीतून मोकाट आत आलेला उजेड. स्पायडर प्लांट तेवढा निर्दोष सुटला होता, आणि गाडी चुकलेल्या उतारूसारखा खिळ्यावर लटकत होता. पण कानांची तयारी केली नव्हती. खोलीचा आवाज बदलला होता. तिची चप्पल वाजली ती दोनदा वाजली. तिने टाळी वाजवून पाहिली, टाळी भिंतीवर आपटून परत आली. इतकी वर्षं ती पानं तिचं बोलणं नुसती ऐकत नव्हती, पिऊन टाकत होती. म्हणूनच तर घरचा आवाज तिला इथे मऊ वाटायचा. ‘आहे का कुणी,’ ती म्हणाली, आणि खोलीने ते शब्द जसेच्या तसे, नको असलेल्या पार्सलासारखे, परत केले. ती खुर्चीत बसली. हे मी काय करून बसले, हा विचार आता पहिल्यांदा सरळ समोर येऊन उभा राहिला. जी माझ्या नुसत्या बोलण्याने रडते त्या पोरीसाठी मी माझं ऐकणारे सगळे घालवले. ती येईल, दोन-तीन महिने राहील, रडेल. तिचे आईबाप आडोशाला कुजबुजतील की आत्याला सवय नाही ना मुलांची. फरशी झाली की ते आपल्या घरी जातील, आणि मग ही टाळी अशीच परत येत राहील. अजून वेळ गेलेली नाही. भिंतीचा रंग निघाला आहे, ओल आहे, बाळाला बरं नाही, असं सांगता येईल. खोटंही नाही ते, पापुद्रे खरोखरच जमिनीवर पडले आहेत. धाकट्याच्या सासुरवाडीला जागा आहे. तिने फोन उचलला आणि नंबर लावला, तो लागेपर्यंत केंद्रावरच्या आवाजात पहिलं वाक्य तयारही केलं.

फोन भावजयीने घेतला. ही पोहणं शिकवायची, मोठ्यांना आणि लहानांनाही, आणि तिचं सगळं बोलणं तलावाच्या या काठावरून त्या काठाला चाललंय असं मोठ्याने असे.

‘ताई, बरं झालं, मीच करणार होते. बुधवारी ऐकलं मी.’

‘काय ऐकलंस?’

‘आमच्या तलावावर दुपारी रेडिओ लावलेला असतो. तुम्ही थांबलात ना मधेच. मी पाण्यात होते, मला वाटलं कानात पाणी गेलं. मग कळलं की तुम्हाला तुमचं ते मोठं झाड आठवलं. खरं ना?’

हजारो लोकांनी ऐकलेली ती शांतता कशाची होती हे एका माणसाला नेमकं कळलं होतं, आणि ते माणूस हे असावं याची तिने कल्पना केली नव्हती.

‘ताई, आमच्यापायी झाडंबिडं काढत बसू नका हं. ही पोर बेडकी आहे, शेळी नाही. तिच्यावर डोळा ठेवायचं काम आमचं.’

‘काढली मी.’

‘काढली? सगळी?’

‘एक राहिलंय. ते चालतं.’

‘मग खोली बोडकी दिसत असेल.’

‘ऐकू येते बोडकी,’ ती म्हणाली. आणि हे आपण घरच्या आवाजात म्हणालो, मधेच फाटलेल्या, हे तिला म्हटल्यावर कळलं.

‘असं करू,’ भावजय म्हणाली. ‘उद्या मला सुट्टी आहे. मी बेडकीला घेऊन येते, आपण दोघी जाऊन चांगलीशी झाडं आणू. कुठली चालतात ते तुम्ही सांगा, उचलायचं काम माझं. तुम्ही कशाला फोन केला होता?’

‘तेच,’ ती म्हणाली. ‘झाडांचंच.’

शनिवारी सकाळी भावजय आली ती ओल्या केसांची. सुट्टीच्या दिवशीही ती स्वतःसाठी पोहून येत असे, आणि तिच्या अंगाला साबणाखालूनही तलावाच्या औषधाचा मंद वास येई. छातीशी बांधलेल्या झोळीतून बेडकी चारी पाय बाहेर सोडून जगाकडे नाराजीने पाहत होती. रोपवाटिका बसने थोडीच लांब होती, पण दोघी एकट्याने कुठे गेल्याचं हे पहिलंच. हवेवर बोलून झालं, फरशीवर बोलून झालं, आणि मग दोघीही बेडकीच्या टोपीकडे पाहू लागल्या. धाकट्याच्या लग्नापासून हे असंच चाललं होतं. तिला वाटे, हिला आपण शिष्ट वाटतो. तिने कितीदा ठरवलं होतं की मोकळं बोलायचं, आणि प्रत्येक वेळी तोंड उघडलं की बातमीपत्र बाहेर येई.

‘एक सांगू का ताई,’ भावजय अचानक म्हणाली. ‘मी शाळेत असल्यापासून तुमच्या आवाजावर उठत आले. बाबा सकाळी रेडिओ लावायचे. तुम्ही म्हणायचात ठळक बातम्या, की मी वही शोधायला पळायचे. गृहपाठ झालेला नसायचा ना.’ ती हसली. ‘अजून तुम्ही काही विचारलंत की मला आधी तेच आठवतं. परवा तुम्ही विचारलंत, चादरी किती लागतील, तर वाटलं, मेले, गृहपाठ राहिला.’

ती म्हणाली, ‘आणि मला वाटायचं, तू माझ्याशी बोलत नाहीस.’

‘मी? मी तर भिंतीशी बोलते.’

‘तेच म्हणते. भिंतीशी बोलायचीस.’

भावजय इतक्या मोठ्याने हसली की चालकाने आरशातून पाहिलं आणि बेडकीने दचकून उचकी दिली.

रोपवाली ठेंगणी, मातीने माखलेल्या हातांची बाई होती, आणि दिवसभर लोकांचे प्रश्न ऐकून तिच्या उत्तरांना काटे फुटले होते. ‘लहान मुलाच्या खोलीसाठी सुरक्षित झाडं हवीत,’ असं म्हटल्यावर तिने आधी बेडकीकडे, मग दोघींकडे पाहिलं.

‘सुरक्षित म्हणजे? गुलाबाचं पान खाल्लं तर काही होत नाही, काटा लागला तर होतं. आणि कुंडी अंगावर ओढून घेतली तर झाड कुठलं ते कोण विचारतो.’

‘कुंडी ओढता येऊ नये इतकी जड हवी,’ ती म्हणाली, ‘नाहीतर हात पोचणार नाही इतकी उंच. वर खडे नकोत, घशात जातात. कीटकनाशक मारलेलं नको. पानं चावली तरी अपाय नको. आणि पाणी साठून बुरशी येईल असं काही नको.’ हे तिने केंद्रावरच्या आवाजात, एका दमात सांगितलं, आणि आज तो आवाज कामाला आला. रोपवालीने हात पुसले.

‘तुम्ही कुठे शिकवता का?’

‘बातम्या देतात,’ भावजय अभिमानाने म्हणाली.

मग शोध सुरू झाला. अरेकाचं झाड पटकन ठरलं, उंच, बोटांसारख्या पानांचं, कुणाला त्रास न देणारं. नेच्याची कुंडी टांगायला घेतली. त्याच्या बारीक पानांचा घोस पाहून आवाज शोषायला हे उत्तम, असं तिला वाटलं, पण ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. लाल मिरच्यांसारखी फळं लगडलेलं एक झुडूप भावजयीला फार आवडलं. रोपवाली नुसतं ‘नको’ म्हणाली, आणि भावजयीने ते गृहपाठ चुकल्यासारखं मुकाट्याने खाली ठेवलं. अरेकाची कुंडी उचलायची म्हणून तिने झोळी सोडली आणि ‘घ्या जरा हिला’ म्हणत बेडकी सरळ ताईच्या हातात दिली. विचार करायला वेळच नव्हता. हात पुढे झाले, आणि त्याच्याही आधी उजवी कंबर आपणहून बाहेर आली. इतकी वर्षं ती कुठे जाऊन बसली होती कोण जाणे, पण आली ती अगदी बरोबर कोनात, आणि बेडकी तिच्यावर खुंटीवर टोपी बसावी तशी बसली. तिचं वजन ओळखीचं होतं. ऊब ओळखीची होती. ती बोलली मात्र नाही, बोललं की रडेल म्हणून श्वाससुद्धा जपून घेत राहिली. बेडकीने तिच्या चेहऱ्याची पाहणी केली, नाक धरून पाहिलं, ते निघत नाही असं दिसल्यावर सोडून दिलं, आणि शेजारच्या मांडणीवरच्या एका बुटक्या झाडाकडे हात केला. त्याच्या पानांवर तांबड्या शिरा होत्या, कुणीतरी बारीक कुंचल्याने रेघा ओढाव्यात तशा.

‘मरांटा,’ रोपवाली म्हणाली. ‘संध्याकाळ झाली की पानं मिटून उभी करतं, सकाळी पसरतं. निरुपद्रवी आहे बिचारं.’

‘हेही द्या,’ ती म्हणाली. बेडकी रडली नाही.

रविवारी ते आले. धाकट्याने सामान वर आणता आणता प्रत्येक मजल्यावर थांबून आपलं वय सांगितलं. खोलीत शिरल्यावर त्याने चहूकडे पाहिलं. अरेका खिडकीशी, मामंजींच्या जागी होती, नेचा छताला, मरांटा बुटक्या जड तिवईवर.

‘अरे वा. आणि ते म्हातारं कुठंय?’

‘गेले बदलीवर.’

धाकटा हसला, मग हसायचा थांबला. ते झाड तिला काय होतं हे त्याला अगदीच ठाऊक नव्हतं असं नाही. ‘आत्याबाई,’ तो म्हणाला, ‘तुला मिशा नाहीत हे हिचं नशीब. नाहीतर काका म्हणायला शिकवावं लागलं असतं, आणि काका लोक एवढं करत नाहीत.’ कौतुक करायचं म्हटलं की त्याला असंच काहीतरी सुचे, वडिलांवर गेला होता. मग घर भरून गेलं. दोऱ्यांवर इवलेसे कपडे आले, मोरीत पोहण्याचे चष्मे आले, तिच्या चहाच्या कपात कुणीतरी चमचा ठेवून जाऊ लागलं. बेडकी पहिले दोन दिवस तिच्या बोलण्याने रडली, तिसऱ्या दिवशी नुसती गप्प होऊन पाहू लागली, आणि पुढे एके सकाळी तिने आत्याच्या बोलण्याला मधेच तोडून काहीतरी लांबलचक सुनावलं. खोलीत आता टाळी वाजवून पाहायचं तिला सुचलंही नाही.

त्यानंतरच्या आठवड्यात तिच्या सुट्टीच्या दिवशी धाकटा कचेरीत आणि भावजय तलावावर गेली होती. बेडकी जमिनीवर वाटीशी झुंजत होती. ती दोरीवरचे कपडे काढायला गॅलरीत गेली ती चार कपडे काढून परत आली, एवढाच वेळ. बेडकी तिवई धरून उभी होती. उभी. आणि तोंडात मरांटाचं पान होतं. हे पान अपाय करत नाही हे तिला माहीत होतं, पण छातीला माहीत नव्हतं. कपडे तिथेच पडले. तिने बेडकीला उचललं, कमरेवर घेतलं, बोट आत घालून पान बाहेर काढलं. निघालं ते जवळजवळ सगळं, लाळेने चिंब. बेडकी निषेध नोंदवून झाल्यावर तिच्या गळ्यातली माळ चघळू लागली. ती खुर्चीत टेकली. काही आत तर राहिलं नाही ना, म्हणून तिने ते पान आपल्या तळहातावर पसरून पाहिलं. कड फाटली होती, पण मधे एका जागी फाटलेलं नव्हतं. तिथे एक खाच होती. नखाएवढीही नाही, पण नीट, सरळ, कापल्यासारखी. हिरड्या पान चुरगळतात, ते असं कापत नाहीत. तिने पुन्हा बोट आत घातलं, खालच्या हिरडीवरून हळू फिरवलं. मऊ, मऊ, मऊ, आणि मग काहीतरी खरखरीत. तांदळाच्या कणीएवढं. बेडकीने बोटावर दाब दिला आणि डोळे मोठे करून आत्याकडे पाहिलं, यात काही विशेष आहे का असं विचारल्यासारखं.

तिचा हात फोनकडे गेला. भावजय या वेळी पाण्यात असेल, पण काठावर कुणीतरी फोन घेईल, हाक मारील, ती ओल्या पायांनी धावत येईल. वाक्य तयार होतं. आयुष्यभर तिने हेच केलं होतं, कळलेलं लगेच, स्पष्ट, शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असं सांगणं. तिने फोन उचलला, आणि मग तिच्या डोळ्यांपुढे भावजय आली, रोज अंघोळ घालताना बेडकीच्या तोंडात डोकावणारी, काही नाही म्हणून पुढे जाणारी. तिने फोन खाली ठेवला. मरांटाची कुंडी फिरवून फाटकी बाजू भिंतीकडे केली. पान धुऊन, पुसून, बाहेर टाकून दिलं. ‘आपण काही पाहिलं नाही,’ ती म्हणाली, आणि बेडकीने होकार दिला, निदान तिला तसं वाटलं. दिवसभर ती बातमी तिच्या पोटात उड्या मारत राहिली. धाकटा लवकर आला, त्याने विचारलं, काय विशेष, आणि ती म्हणाली, काही नाही. हे दोन शब्द तिने इतके सपाट म्हटले, की कानसेन काचेपलीकडे असते तर त्यांनी उठून दार उघडलं असतं.

संध्याकाळी मोरीतून पाण्याचा आवाज येत होता. ती स्वयंपाकघरात उगाचच ओटा पुसत होती, पुसलेला पुन्हा पुसत होती. पाण्याचा आवाज थांबला. मग भावजयीची हाक आली, तिच्या नेहमीच्या या काठावरून त्या काठाला जाणाऱ्या आवाजात नव्हे, अगदी हळू.

‘ताई. जरा इकडे या ना.’

ती हात पुसत गेली. भावजय जमिनीवर बसली होती, मांडीवर टॉवेलात गुंडाळलेली बेडकी, दोघींच्याही केसांतून पाणी गळत होतं. भावजयीने तिचं बोट धरलं आणि बेडकीच्या खालच्या हिरडीवर नेऊन ठेवलं.

‘लागतंय का?’

‘काय ग?’

‘नीट बघा. इथे.’

तिने नीट बघितलं. बेडकी तिच्या बोटाला घट्ट धरून, टॉवेलातून, तिच्याकडे टक लावून पाहत होती.

‘खरंच की,’ ती म्हणाली.

‘आत्ता दिसला. आत्ता, या मिनिटाला,’ भावजय म्हणाली. बाहेरच्या खोलीत धाकट्याने खुर्ची सरकवल्याचा आवाज आला, तशी ती आणखी हळू बोलू लागली. ‘यांना पण अजून सांगितलं नाही. सगळ्यात आधी तुम्हालाच सांगतेय हं ताई.’